बोगदा दोन, सर्वत्र खणखणीत

"ही माझी नोंद नाही," शर्मिष्ठा वाघचौरे म्हणाली.

संगणक विभागाचे प्रमुख दाभाडे यांनी चष्मा कपाळावर चढवला. तिच्या लॅपटॉपची निकामी झालेली साठवणचकती त्यांनी स्वतः बदलली होती. कार्यप्रणाली नव्याने बसवली होती, राखीव साठ्यातून एकूण एक फाइल परत आणून दिली होती, आणि आता कौतुकाचे दोन शब्द कानावर पडतील म्हणून ते हात चोळत उभे होते. आणि ही बाई म्हणते काय, तर माझी नोंद नाही!

"मॅडम, नाव तुमचं. बोगदा तुमचा. तारीख तुमची. मग नोंद काय माझी असणार?"

"ऐका तर." तिने मोठ्याने वाचलं. "'बोगदा दोन. डावी भिंत. अस्तर खणखणीत. समाधानकारक. पुढे.' दाभाडे, मी आयुष्यात 'समाधानकारक' हा शब्द तोंडातून काढलेला नाही. माझं समाधान होतच नाही, विचारा कुणालाही."

"ते मात्र खरंय," दाभाडे म्हणाले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

शर्मिष्ठाने पडदा खाली सरकवला. डावी भिंत खणखणीत. उजवी भिंत खणखणीत. छत खणखणीत. बोगद्याच्या वळणापलीकडेही खणखणीत. पण वळणापलीकडे छतावर ठोकताना तिने आपल्या कानांनी बद्द आवाज ऐकला होता, एकदा नाही, अनेकदा.

हे प्रकरण नीट कळायला थोडं मागे जायला हवं. कराडजवळची ही भुयार संशोधन संस्था सह्याद्री पोखरून कोकणात उतरणाऱ्या जुळ्या बोगद्यांवर देखरेख ठेवत होती. पहिला बोगदा काही वर्षांपूर्वी सुरू झाला होता आणि जाणारी-येणारी सगळी वाहतूक त्याच्यातूनच चालली होती. दुसरा आता बांधून तयार होता. मंत्र्यांनी उद्घाटनाचा मुहूर्तही काढला होता. बोगद्याच्या आतून काँक्रीटचं अस्तर असतं. ते डोंगराला घट्ट चिकटलेलं आहे की मागे पोकळी राहिली आहे, हे ओळखायला कंपनयंत्रं आली आणि गेली. या डोंगरातून बारमाही पाणी झिरपतं, आणि ओल्या दगडात ती यंत्रं हमखास फसतात. म्हणून शेवटची चाचणी अजून हातोडीचीच होती. अस्तरावर ठोकायचं आणि कान द्यायचा, आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं. खणखणीत वाजलं तर काळजी नाही. बद्द वाजलं तर मागे पोकळी, आणि तेवढा तुकडा कधी खाली येईल ते कुणी सांगू शकत नाही.

एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात शिडी असताना लिहिणार कसं? म्हणून परीक्षक गळ्यात माइक अडकवून बोलत जातो आणि पाठीवरचा लॅपटॉप ते टिपून ठेवतो. शर्मिष्ठाच्या नोंदी संस्थेत प्रसिद्ध होत्या. त्यांत खोकला असे, 'हा दिवा कुणी लावला, त्याला बोलवा' असे, आणि कंत्राटदाराच्या सात पिढ्यांचा उद्धारही असे. आता समोर होत्या त्या नोंदी इस्त्री केलेल्या कपड्यांसारख्या होत्या.

बद्द जागा नेमक्या कुठे आणि किती, हे तिला पाठ नव्हतं. हजारो ठोके कोण पाठ करणार? त्यासाठीच तर नोंद होती. चाचणी संपवून ती बाहेर आली आणि ओल, धूळ, काय लागलं कोण जाणे, लॅपटॉपची चकती बसली. ती दुरुस्त होईपर्यंत कंत्राटदाराने आतून पांढरे फलक ठोकून अस्तर झाकूनही टाकलं. आता पुन्हा ठोकायचं तर फलक उतरवायला हवेत, आणि त्या आदेशावर संचालकांची सही हवी.

ती तडक संचालकांकडे गेली.

डॉ. मुकुंद उपासनी म्हणजे मवाळ माणूस. हातोडी कशी धरायची हे शर्मिष्ठाला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"मी सही करतो गं, आत्ता करतो," ते म्हणाले. "पण कशाच्या जोरावर? उद्या मंत्रालयातून विचारतील, परीक्षकाची नोंद काय म्हणते? ती म्हणते खणखणीत. तूच सांग, मी काय उत्तर देऊ?"

"सर, नोंद बदललीय."

"कुणी?"

संचालकांच्या टेबलावर एक पत्र उघडं पडलं होतं. त्याची शेवटची ओळ तिला उलटी दिसत होती, तरी वाचता येत होती: 'प्रगती समाधानकारक आहे.'

त्या क्षणापासून तिला सगळंच वेगळं दिसायला लागलं. लॅपटॉप बंद पडला त्याच दिवशी सरांनी त्याची विचारपूस का केली होती? तो दुरुस्तीला दाभाड्यांच्या खोलीत होता, त्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे? सरांकडेच. फलक ठोकायची एवढी घाई कुणाला होती? एकदा मनात संशय शिरला की माणूस चहातही काहीतरी शोधतो. तिने चहाला हात लावला नाही.

"सर," ती उठत म्हणाली, "ही तुमची भाषा आहे. 'समाधानकारक. पुढे.' ही नोंद तुम्ही लिहिलीत."

उपासनींचा चेहरा उतरला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

"चौकशी कर," ते म्हणाले. "तुला पटेल त्या माणसाकडून कर. आणि जे काही निघेल ते माझ्यादेखत सांग. या वयात माझ्या नावाला डाग लागलेला मला चालणार नाही."

तिला पटेल असं माणूस संस्थेत एकच होतं. साठवणशास्त्र विभागाची डॉ. रेहाना मुजावर. मिरजेची. कॉलेजात दोघी एका खोलीत राहिल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींना शिव्या देण्याचा हक्क दोघींनीही राखून ठेवला होता.

रेहानाने लॅपटॉप आणि राखीव साठा दोन्ही ताब्यात घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शर्मिष्ठाला बोलावलं.

"काय गं, कुणाच्या अंगावर धावून गेलीस तू?" तिने सुरुवातच अशी केली. "कुणीही हात लावलेला नाही. राखीव साठ्यावरची मोहोर जशीच्या तशी आहे. संचालक सोड, दाभाड्यांनीसुद्धा फाइल उघडलेली नाही."

"मग बद्दचं खणखणीत झालं कसं? आपोआप?"

"आपोआपच की. बस, सांगते." रेहानाने खुर्ची ओढली. "तुला काय वाटतं, तू बोललेलं चकतीवर शब्दन् शब्द उतरतं? ते दिवस गेले. एवढी जागा आणायची कुठून? आताची प्रणाली अपेक्षा-साठवण करते. ती तुझ्या सवयी शिकते. 'अस्तर' म्हणालीस की पुढे तू काय म्हणशील याचे अंदाज तिच्याकडे तयार असतात. अंदाज बरोबर आला की साठवायला जवळजवळ काही लागत नाही. अंदाज चुकला तरच ती खूण करून ठेवते. म्हणजे चकतीवर असतं ते फक्त आश्चर्य. बाकी सगळं ती तुझ्या सवयीवरून पुन्हा रचते."

"आणि या सवयी कुठे असतात?"

"सवयपटात. तो कार्यप्रणालीचाच भाग. तुझा सवयपट तुझ्या चकतीवर होता. चकती गेली, सवयपट गेला. राखीव साठ्यात नुसत्या खुणा उरल्या."

"मग खुणा तर माझ्याच आहेत ना?"

"तुझ्याच. पण हे बघ, मी तुला पत्ता सांगितला: पहिल्या चौकात डावीकडे, दुसऱ्या चौकात उजवीकडे, मग सरळ. मिरजेत या पत्त्यावर आमचं घर आहे. तोच पत्ता घेऊन सांगलीत चाललीस तर? कुठल्यातरी घरापाशी पोचशीलच. दार असेल, अंगण असेल, आत माणसंही असतील. फक्त ते आमचं घर नसेल. चुकीच्या सवयपटावर खुणा चालवल्या की कचरा बाहेर पडत नाही, हीच तर मेख आहे. छान वाचता येईल असा मजकूर बाहेर पडतो. पण तो त्या सवयीच्या माणसाने लिहिला असता तसा."

शर्मिष्ठाने डोकं हातात धरलं. "तुला कळलं कसं?"

"तुझी नोंद पुरी झाली तरी खुणा शिल्लक होत्या. ढीगभर. मुक्कामाला पोचलीस आणि हातात पत्त्याचा गठ्ठा तसाच, असं कधी होतं का? तेव्हाच मी ओळखलं, गाव चुकलंय." रेहानाने बाजूचा फोन उचलला. "आता गाव कुणाचं ते दाभाड्यांनाच विचारू."

दाभाडे आले. प्रश्न ऐकून त्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"आदर्श प्रत वापरतो आम्ही," ते म्हणाले. "कुणाचीही चकती बदलली की उपासनीसाहेबांच्या मशीनची प्रत तिच्यावर उतरवायची. साहेबांचं मशीन कधी अडत नाही, कधी कटकट नाही. म्हणून तेच आदर्श धरलं."

"सवयपटासकट?" रेहानाने विचारलं.

"अहो, सगळ्यांचे सवयपट वेगवेगळे राखायचे म्हणजे केवढी जागा! आणि साहेबांचाच सवयपट म्हटल्यावर चांगलाच असणार की."

"आणि सवयपट जुळत नसेल तर प्रणाली इशारा देते, त्याचं काय?"

"ती पिवळी चौकट? साहेबांना आवडत नाही ती. त्यांच्या मशीनवर बंद केली होती, म्हणजे आदर्श प्रतीतही बंदच." दाभाड्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा कचरला. "पण मॅडम, मागच्या वर्षात बऱ्याच जणांच्या चकत्या बदलल्या. एकाचीही तक्रार नाही. उलट प्रशासनाने कळवलं की शास्त्रज्ञांची भाषा सुधारलीय."

रेहाना हसून हसून बेजार झाली. शर्मिष्ठाला मात्र हसू येईना. बापासारख्या माणसाला आपण तोंडावर खोटारडा म्हणालो, ही लाज तिला आतून जाळत होती.

संचालकांच्या खोलीत चौघं जमले. रेहानाने पत्त्याचा दाखला पुन्हा दिला. उपासनींनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मी काही केलेलं नाही, हे तुम्हाला तत्त्वतः पटलं," ते म्हणाले. "मला एवढ्यावर समाधान नाही. डोळ्यांना दिसेल असं सिद्ध करा. दाभाडे इथे आहेत, ते चार लोकांना सांगतील."

"सोपं आहे सर," रेहाना म्हणाली. "हे तुमचं मशीन. वर मी फक्त मथळा देते, 'बोगदा दोन, ठोकचाचणी'. शर्मिष्ठाच्या खुणा नकोत. तुम्ही मनाला येतील ते आकडे सांगा."

उपासनींनी आपल्या गाडीचा नंबर सांगितला. रेहानाने तो खुणा म्हणून भरला. पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. डावी भिंत, अस्तर खणखणीत, समाधानकारक, पुढे. उजवी भिंत, अस्तर खणखणीत, समाधानकारक, पुढे. पानभर नोंदी एवढ्याशा नंबरातून झरझर उतरल्या.

"अरेच्चा! माझी गाडी बोगदे तपासते की!" उपासनी म्हणाले, आणि सगळे हसले. सर्वांत मोठ्याने दाभाडे हसले. उपासनींना उत्साह चढला. त्यांनी घराचा फोन नंबर दिला, सूनबाईचा वाढदिवस दिला, पिनकोड दिला. दर वेळी बोगदा दोन सर्वत्र खणखणीत.

शर्मिष्ठाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, चुकले मी. माझ्या तोंडाला काही धरबंध राहिला नाही. माफ करा."

"असू दे गं. तुझ्या जागी मी असतो तर मीही संशय घेतला असता. परीक्षकाने संशय घ्यायलाच हवा." त्यांनी टेबलावरचं पॅड ओढलं. "थांब, फलक उतरवायचा आदेश देतो. मूळ नोंदच राहिलेली नाही म्हटल्यावर पुन्हा ठोकण्याशिवाय इलाज नाही. उद्घाटन गेलं खड्ड्यात."

आता खरं म्हणजे सगळं तिथेच संपायला हरकत नव्हती. पण रेहाना पडली शास्त्रज्ञ. एका बाजूने प्रयोग केला की दुसऱ्या बाजूने केल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

"तुलनेला दुसरा सवयपटही दाखवते," ती म्हणाली. "आपले गावडे आहेत ना, रेल्वेचे बोगदे तपासतात ते. त्यांची चकती अजून शाबूत आहे. त्यांच्या मशीनवर तोच मथळा, तोच सरांच्या गाडीचा नंबर."

गावड्यांच्या मशीनने तेवढ्याच नंबरातून जेमतेम तीन-चार ओळी काढल्या. 'डावी भिंत, खणखणीत. थांबा, परत ठोकतो. बद्द. खडूने खूण केली. इथे पाणी...' आणि नंबर संपला.

"बघितलंत?" रेहाना म्हणाली. "माणूस बदलला की मजकूर बदलला. गावड्यांचा नंबर लवकर संपला, कारण त्यांचं पुढे काय ते सांगता येत नाही. पावलोपावली खुणा लागतात. सरांच्या मशीनला एका खुणेवर पानभर जाता येतं. कारण पुढे काय येणार हे त्याला..."

तिने सरांचं मशीन पुन्हा स्वतःकडे ओढलं.

शर्मिष्ठाने वाक्य तिथूनच उचललं. "रेहाना, सरांच्या सवयपटात 'बद्द' या शब्दाची शक्यता किती आहे?"

"आता ते कशाला?" दाभाडे म्हणाले. "झालं ना सगळं?"

रेहानाने सवयपट उघडला, ठोकचाचणीचं पान काढलं आणि बराच वेळ ते खालीवर केलं. "नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? फार कमी?"

"शब्दच नाही. ठोकचाचणीच्या नोंदीत हा शब्द या मशीनने कधी ऐकलेलाच नाही."

"आणि हे मशीन ठोकचाचणी कुठून शिकलं?" शर्मिष्ठाने विचारलं. प्रश्न रेहानाला होता, पण ती बघत होती उपासनींकडे.

त्या खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. संचालक होण्याआधी उपासनींनी शेवटची ठोकचाचणी केली होती ती पहिल्या बोगद्याची; ही प्रणाली आल्यानंतरची त्यांची तेवढी एकच. जुन्या मशीनमधून नव्यात, नव्यातून आणखी नव्यात, तोच सवयपट वाहत आला होता. अख्ख्या बोगद्याचे हजारो ठोके, आणि त्यात एकसुद्धा बद्द नाही. असा बोगदा माणसाने बांधलेला नाही. चांगल्यातल्या चांगल्या अस्तरात चार-दोन पोकळ्या निघतातच. त्या निघतात, परीक्षक खूण करतो, मग त्या भरून घेतात. निघाल्याच नाहीत याचा अर्थ एकच, त्या कुणी शोधल्या नाहीत.

"सर," शर्मिष्ठा म्हणाली, "पहिला बोगदा तुम्ही ठोकला होता ना?"

उपासनींच्या हातात अजून ते आदेशाचं पॅड होतं. त्यांनी ते खाली ठेवलं.

"ठोकला," ते म्हणाले. "वळणापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे काय... मुहूर्त ठरला होता. रोज वरून फोन. हात भरून आला होता माझा. मी गाडीत बसलो, गाडी सावकाश चालवायला सांगितली आणि बोलत गेलो." त्यांनी मान वर केली. "वळणापर्यंत सगळं खणखणीत होतं गं. एकही बद्द नव्हता. मला वाटलं, पुढेही तसंच असेल."

"अहो साहेब," दाभाडे म्हणाले.

शर्मिष्ठाला काय वाटलं? संताप वाटला, दुसरं काय वाटणार. दुसऱ्या बोगद्याच्या वळणापलीकडे तिने स्वतः बद्द ऐकला होता. दोन्ही बोगदे एकाच डोंगरातले, एकाच कंत्राटदाराचे, शेजारी-शेजारी. दुसरा निदान रिकामा तरी होता. त्याच्यासाठी ती इतके दिवस जिवाचं रान करत होती, आणि पलीकडून भरलेल्या गाड्या चालल्या होत्या. या खोलीत बसून आपण पिनकोडांवर हसत होतो, तेव्हाही चालल्या होत्या.

तिने फोन ओढला आणि बोगद्याचा वाहतूक कक्ष लावला. "भुयार संस्थेतून बोलतेय. पहिला बोगदा बंद करा. दोन्ही बाजूंनी. आत्ता."

पलीकडचा माणूस सावध होता. त्याला नाव हवं होतं, हुद्दा हवा होता, कारण हवं होतं. "मॅडम, इथे तर सुरक्षित म्हणून प्रमाणपत्र लावलंय. तुम्ही म्हणता म्हणून रस्ता कसा बंद करू?"

उपासनींनी हात पुढे केला. शर्मिष्ठाने क्षणभर फोन सोडला नाही. आता या माणसाच्या हातात काहीही द्यायला तिचं मन घेत नव्हतं. पण त्यांच्याशिवाय रस्ता बंद होणार नव्हता, म्हणून तिने दिला.

"मी उपासनी," ते म्हणाले. "ते प्रमाणपत्र माझं आहे. ते खोटं आहे. बंद करा."

आतल्या गाड्या बाहेर यायला वेळ लागला. आधी ट्रक आले, मग मोटारी, सगळ्यांत शेवटी चिपळूणकडे निघालेली एसटी. कक्षातला माणूस एकेक गाडी सांगत होता आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवून चौघं ऐकत होते. एसटी बाहेर पडली म्हणाला तेव्हा रेहानाने डोळे मिटून घेतले.

फोनवरचा हुकूम पुरत नाही, लेखी लागतो. उपासनी आपल्या मशीनसमोर बसले आणि सांगायला लागले, "बोगदा एक. वळणापुढील अस्तर..." त्यांनी पुढचा शब्द उच्चारायच्या आत मशीनने तो लिहून टाकला. खणखणीत. त्यांनी खोडला. पुन्हा सांगितलं. मशीनने पुन्हा खणखणीत लिहिलं आणि पुढे समाधानकारकही जोडलं. शेवटी त्यांनी माइक बाजूला ठेवला आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'तपासलेले नाही.' खाली सही केली.

मग ते उठले आणि भिंतीवर टांगलेली आपली हातोडी काढून घेतली. "चल," ते शर्मिष्ठाला म्हणाले, "वळणापासून सुरू करू."

तिने हात पुढे केला.

"हातोडी माझ्याकडे द्या, सर," ती म्हणाली. "आणि तुमच्या सवयीचा तो लॅपटॉप इथेच राहू दे."